पांढरी दोन, काळी दोन

मंडळी, घरात पेटी असेल तर आज ती उघडा. नसेल तर मुलांचा छोटा की-बोर्डही चालेल. पांढरी दोनवर बोट ठेवा आणि एकाही काळ्या पट्टीला न शिवता वरच्या पांढरी दोनपर्यंत जा. काय ऐकू आलं? गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. आता बोट फक्त अर्ध्या स्वरानं वर सरकवा, काळी दोनवर या, आणि तिथून पुन्हा काफीच वाजवा. या खेपेला पाचही काळ्या पट्ट्या लागतील आणि पांढऱ्या फक्त दोन.

तुम्ही आत्ता जे वाजवलंत, जवळजवळ तेवढ्याच भांडवलावर २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये सहा जणांनी नऊ मिनिटांहून थोडी मोठी एक रचना वाजवली. तिचं नाव ‘सो व्हॉट’. मराठीत म्हणायचं तर ‘बरं, मग?’ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीतली ही पहिलीच रचना. जॅझमधल्या सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या तबकड्यांपैकी ही एक आहे. अमेरिकेत तिच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्याची नोंद २०१९ मध्ये झाली. आज बोलायचंय ते मात्र खपाबद्दल नाही. इतक्या थोड्या सुरांत इतकं काय आहे, आणि ते तेव्हाच का घडलं, एवढंच पाहायचं आहे.

माझा आणि जॅझचा संबंध रेडिओमुळे आला. मी मिरजेचा. आमच्या घरापासून तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची गल्ली हाकेच्या अंतरावर. शाळेतून येताना तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर एकच तार पुन्हापुन्हा छेडत बसलेले दिसायचे. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ गाणं होई, तेव्हा वडील आम्हाला घेऊन बसत. गाणं कळत नव्हतं, पण षड्ज कळायचा. तो कुठे आहे हे कानाला आपोआप सापडायचं. रात्री मात्र वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर मी शॉर्टवेव्ह फिरवत बसे. तिथं ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कॉनोव्हर नावाचे निवेदक खर्जातल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, जॅझचा कार्यक्रम सादर करत.

अशाच एका रात्री ही रचना कानावर पडली. खाली एक जाड तारेचं वाद्य काहीतरी विचारत होतं, वरून दोन सुरांचं उत्तर येत होतं. मला षड्ज सापडला. मी त्यात स्थिरावलो. आणि अचानक सगळंच्या सगळं थोडंसं वर सरकलं. वाटलं, कुणीतरी तंबोऱ्याची खुंटी पिळली! सेट बिघडला म्हणून मी बटण चाचपायला लागलो, तोवर सगळं पुन्हा जाग्यावर आलेलं. हा बिघाड नव्हता, हीच रचना होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

ती वर्षं बाजूला ठेवू आणि माइल्सकडे जाऊ. जन्म १९२६ चा, इलिनॉय राज्यातला. वडील दातांचे डॉक्टर, घर सुखवस्तू. १९४४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो न्यूयॉर्कला आला तो ज्युलियार्ड या नामांकित संगीतशाळेत शिकायला. पण त्याचं खरं शिक्षण झालं ते रात्रीच्या क्लबांत, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या शेजारी उभं राहून. पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी तेव्हा ‘बीबॉप’ नावाची नवी वाट पाडली होती. ती वाट समजून घेण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घेऊ.

आपल्या गाण्यात तंबोरा एकच सूर धरून असतो. गवई कितीही भटकला तरी पायाखालची जमीन हलत नाही. पाश्चात्त्य पद्धतीत चालीच्या खाली एकाच वेळी तीन-चार सूर मिळून वाजतात, त्याला कॉर्ड म्हणतात. आणि ही कॉर्ड बदलत राहते, म्हणजे जमीनच बदलत राहते. वादकाला प्रत्येक नव्या जमिनीला शोभतील असे सूर शोधायचे असतात. बीबॉपमध्ये जमीन दर दोन-चार मात्रांना बदलायची आणि लयही घोडदौडीची. पार्करसारख्या प्रतिभावंताच्या हातात ते विजेसारखं चमके. पण पुढच्या दहा वर्षांत त्याचीच एक कसरत होऊन बसली. वादक काय सांगतो आहे यापेक्षा तो किती कॉर्ड न अडखळता पार करतो, याला दाद मिळू लागली. उड्या पुष्कळ, मुक्काम कुठेच नाही.

माइल्सला मुक्काम हवा होता. विचारवंत संगीतकार जॉर्ज रसेल यांनी १९५३ मध्येच कॉर्डऐवजी स्वरसप्तकांच्या अंगानं जॅझकडे पाहणारा ग्रंथ लिहिला होता. माइल्सनं स्वतः १९५८ मध्ये ‘माइलस्टोन्स’ या रचनेत तसा प्रयोग करून पाहिला. गिनी देशातल्या आफ्रिकन नृत्यपथकाचा कार्यक्रम आणि त्यातलं बोटांनी वाजवायचं छोटं वाद्य त्याच्या मनात घर करून राहिलं होतं, असं त्यानं आत्मचरित्रात सांगितलं आहे. त्याचा पियानोवादक बिल एव्हान्स फ्रेंच संगीतकार राव्हेल आणि देब्युसी यांत मुरलेला होता. या सगळ्यांतून जे आलं त्याला ‘मोडल जॅझ’ म्हणतात. मोड म्हणजे सात स्वरांचा एक संच. कॉर्डची रांग काढून टाकायची आणि वादकाला एकेका संचावर बराच वेळ राहू द्यायचं, एवढीच कल्पना.

इथं आपल्या मनात लगेच येतं, की हे तर आपलंच! मलाही तसं वाटलं होतं. पण ‘सो व्हॉट’च्या मुळाशी भारत नाही. ती वाट गिनीतून, पॅरिसहून आणि न्यूयॉर्कमधून येते. आपला कान तिथं लवकर रुळतो, ही आपली सोय.

ध्वनिमुद्रण झालं ते ३० व्या रस्त्यावरच्या एका स्टुडिओत. ती इमारत मूळची चर्चची, छत खूप उंच. वादकांसमोर पूर्ण लिहिलेलं संगीत नव्हतं, होते ते आराखडे. ट्रम्पेटवर माइल्स, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स, डबल बेसवर तेवीस वर्षांचा पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब. सहांत एव्हान्स एकटा गोरा.

सुरुवातीला सुमारे अर्धं मिनिट पियानो आणि बेस तालाशिवाय काहीतरी चाचपडत असतात. मग ताल सुरू होतो आणि पहिली नवलाई घडते. चाल वाजवतो तो बेस! मागे उभं राहून इतरांना आधार देणारं हे वाद्य इथं पुढे येऊन प्रश्न विचारतं आणि उत्तर देतात बाकीचे, आधी पियानो, मग तीनही फुंकवाद्यं. उत्तरात दोनच कॉर्ड. पहिली लांब, दुसरी तोडलेली. ‘सो... व्हॉट’. काहींना त्यात चर्चमधलं ‘आमेन’ ऐकू येतं. मला दुआची आठवण होते. एक जण मागणं मागत जातो आणि जमाव थोड्याथोड्या वेळानं ‘आमीन’ म्हणतो. अमेरिकेतल्या काळ्या समाजाच्या प्रार्थनांत आणि शेतमजुरांच्या गाण्यांत ही सवाल-जवाबाची रीत फार जुनी आहे. माइल्सनं ती नव्या कपड्यांत आणली.

त्या दोन कॉर्ड बांधल्या आहेत त्याही निराळ्या. नेहमीची कॉर्ड एकाआड एक स्वर घेऊन बांधतात, सा-ग-प अशी. ती स्वतःचं नाव सांगते आणि पुढे कुठे जायचं तेही सुचवते. इथं एव्हान्सनं एकावर एक षड्ज-मध्यमाची अंतरं रचली आहेत आणि सगळ्यात वर एक गंधाराचं अंतर ठेवलं आहे. अशी कॉर्ड कुठेच ढकलत नाही. ती फक्त हवेत उभी राहते. पियानो शिकणाऱ्यांच्या जगात आज तिला ‘सो व्हॉट कॉर्ड’ याच नावानं ओळखतात.

आता हिशेब. चार मात्रांचा एक खंड धरा. आठ खंड, म्हणजे बत्तीस मात्रा, म्हणजे आपल्या तीनतालाची दोन आवर्तनं. असे आठ-आठ खंडांचे चार भाग मिळून एक फेरा होतो. पहिले दोन भाग पांढरी दोनच्या काफीत, तिसरा काळी दोनच्या काफीत, चौथा परत पांढरी दोनमध्ये. फेरा संपला की लगेच दुसरा सुरू. म्हणजे ऐकणाऱ्याला मिळतात चोवीस खंड घरात, आठ खंड बाहेर, पुन्हा चोवीस घरात. घड्याळ लावलंत तर साधारण चाळीस-बेचाळीस सेकंद घर आणि चौदा सेकंद प्रवास. आणि प्रवास तरी केवढा? अर्ध्या स्वराचा! पण त्या अर्ध्या स्वरात सातांपैकी पाच सूर बदलतात. शेजारच्या घरात जावं आणि तिथं आपलंच घर थोड्या वेगळ्या उजेडात दिसावं, तसं. तंबोऱ्यावर वाढलेल्या माझ्या कानाला धक्का बसला तो इथंच. आमच्याकडे गवई षड्ज बदलत नाही. हा माणूस षड्जच उचलून नेतो आणि परत आणून ठेवतो.

चाल संपते, माइल्सचं वादन सुरू होताना कॉबची काठी झांजेवर जोरात पडते आणि तिचा नाद बराच वेळ तरंगत राहतो. त्या नादाखाली माइल्स मोजके सूर ठेवतो. दोन फेरे वाजवतो, आणि त्यांत तो किती वेळा गप्प बसतो ते ऐका. एखादा सूर घेतो, थांबतो, तो सूर विरू देतो. पुढच्या कॉर्डला गाठायची घाई नसल्यामुळे त्याला थांबणं परवडतं.

त्याच्यानंतर कोल्ट्रेन. तेच दोन फेरे, तेच चौदा सेकंदांचं अंतर, पण हा थांबत नाही. एखादा छोटा स्वरसमूह घेतो, उलटून पाहतो, पुन्हा उलटतो, गणित सुटेपर्यंत सोडत नाही. मग अ‍ॅडर्ली. हा पूर्वी फ्लोरिडात शाळेतल्या मुलांना बँड शिकवायचा. त्याच्या वाजवण्यात ब्लूजचा गोडवा आणि गप्पिष्टपणा. जिथं कॉर्ड नाहीत तिथंही तो मनातल्या मनात कॉर्ड घालून एखादी गिरकी घेतो. शेवटी एव्हान्स. त्याच्या वेळी पाट्याच बदलतात. फुंकवाद्यं ‘सो व्हॉट’चे दोन सूर वाजवत मागे उभी राहतात आणि आधी उत्तर देणारा पियानो आता बोलू लागतो, तेही सुटे सूर न घेता मुठीएवढे स्वरपुंजके ठेवत, मधे भरपूर मोकळी जागा सोडून.

आम्ही शायरीवाले लोक ‘तरही मुशायरा’ नावाचा एक खेळ खेळतो. सगळ्यांना एकच ओळ देतात. वृत्त तेच, यमक तेच, अंत्यपद तेच. प्रत्येकानं त्याच जमिनीवर आपली गझल लिहून आणायची. अशा मैफलीत शब्दांच्या आड लपता येत नाही. सामग्री सारखीच असल्यामुळे कोण कसा माणूस आहे ते दिसतं. ‘सो व्हॉट’ मला तसा तरही मुशायरा वाटतो. सामग्री कमी केली की माणूस जास्त दिसतो.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपल्या रागांची दहा थाटांत मांडणी केली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट केली होती. थाट गायचा नसतो, गायचा असतो राग. काफी थाटातच भीमपलास आहे, बागेश्री आहे, मियाँ मल्हारही आहे. स्वरांची पेटी एक, चालणं वेगळं. या भाषेत बोलायचं तर माइल्सनं आपल्या सोबत्यांना फक्त थाट दिला. आरोह-अवरोह नाही, वादी-संवादी नाही, पकड नाही, प्रहर नाही. चलन प्रत्येकानं आपलं आणायचं. म्हणून मोडल जॅझला ‘अमेरिकेचा राग’ म्हणणं मला पटत नाही. राग शेकडो वर्षांच्या माणसांनी चालून तयार केलेली पायवाट असते. इथं नुसतं माळरान आहे.

आणि माळरान सगळ्यांना हवं असतं असंही नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’चं दुसरं सत्र झालं २२ एप्रिलला. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत, मे १९५९ च्या पहिल्या आठवड्यात, याच कोल्ट्रेननं ‘जायंट स्टेप्स’ मुद्रित केलं. तिथं सोळा खंडांत सव्वीस कॉर्ड आहेत आणि लय धाप लागेल अशी. म्हणजे एकच माणूस एका महिन्यात शांत माळावरही उभा होता आणि सर्वांत अवघड जिनाही चढत होता. नंतर १९६१ मध्ये त्यानं ‘सो व्हॉट’चाच आराखडा घेऊन ‘इम्प्रेशन्स’ वाजवलं, आणि त्याच वर्षी ‘इंडिया’ नावाची रचनाही. भारताशी खरा धागा जुळतो तो इथून. रविशंकरांविषयीच्या आदरातून १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं.

आता त्या वर्षातली एक वेगळी घटना. तबकडी बाजारात आली १७ ऑगस्ट १९५९ ला. पुढच्याच आठवड्यात, २५ ऑगस्टच्या रात्री, माइल्स न्यूयॉर्कच्या ‘बर्डलँड’ क्लबात वाजवत होता. मध्यंतरात तो एका गोऱ्या तरुणीला टॅक्सीपर्यंत पोहोचवून दाराबाहेर फुटपाथवर उभा राहिला. पोलिसानं हटकलं, ‘इथं थांबू नकोस, चल पुढे.’ मी इथंच काम करतो, असं सांगत त्यानं वरच्या पाटीवरचं स्वतःचं नाव दाखवलं आणि हलायला नकार दिला. झटापट झाली, दुसऱ्या एका साध्या वेशातल्या पोलिसानं त्याच्या डोक्यात दंडुका घातला. रक्तानं माखलेल्या कोटातला त्याचा फोटो वर्तमानपत्रांत आला. डोक्याला टाके पडले, वर अटकही त्यालाच. पुढे न्यायालयात आरोप टिकले नाहीत.

रचना मार्चमधली, मार ऑगस्टमधला. एकातून दुसरं निघालं असं मी म्हणणार नाही. तरी हे दोन प्रसंग माझ्या मनात शेजारी शेजारी बसतात. ज्या माणसानं आपल्या कलेत ‘चल पुढे’ म्हणणाऱ्या कॉर्ड काढून टाकल्या, त्याला रस्त्यावर स्वतःच्या नावाच्या पाटीखाली थांबता येत नव्हतं. मी मराठीत कविता लिहितो. ‘तुम्ही मराठीत कसे काय?’ हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण आपण जिथले आहोत तिथंच उभं असल्याचा खुलासा द्यावा लागणं म्हणजे काय, ते मला थोडं ठाऊक आहे. त्यामुळे पहिल्या सोळा खंडांची ती निवांत शांतता मला नुसती निवांत वाटत नाही. ती मिळवलेली वाटते. २००९ मध्ये, तबकडीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानं तिच्या गौरवाचा ठराव केला. तोवर माइल्सला जाऊन अठरा वर्षं झाली होती. वाजवणाऱ्यांतला शेवटचा, जिमी कॉब, २०२० मध्ये गेला.

जाता जाता एक गंमत. कॉलेजात असताना एका मित्राच्या भावानं आखातातून या तबकडीची कॅसेट आणली होती. मी पेटी काढून सोबत वाजवायला बसलो. पांढरी दोन जुळेना, काळी दोनही जुळेना, सूर दोन्हींच्या मधेच कुठेतरी. मी आधी पेटीला दोष दिला, मग टेपरेकॉर्डरच्या सेलना. पुढे वाचलं, की २ मार्चच्या सत्रात मुद्रणाचं एक यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे तबकडीची पहिली बाजू सुमारे पाव स्वर चढी ऐकू यायची. दुसऱ्या यंत्रावरच्या बरोबर मुद्रणावरून ती चूक १९९२ मध्ये दुरुस्त झाली. तेहेतीस वर्षं जगभरचे विद्यार्थी आपापली वाद्यं पिळत बसले असतील!

आता सूर जुळतो. तेव्हा पेटी उघडी ठेवूनच ऐका. डावा हात पांढरी दोनवर राहू द्या, झांज वाजली की खंड मोजायला लागा. सोळा झाले की बोट काळी दोनवर न्या, आठ मोजा आणि परत या. मग आठ आणि सोळा मिळून चोवीस, पुन्हा आठ. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यापासून मोजावं लागणार नाही. घर कधी येणार ते बोटालाच कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)